प्राचीन समाजांतील धर्म आणि नीतिमूल्ये

(आपल्या कुंभार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात परंडा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या चालकांनी आम्हांस या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, प्राथमिक शाळेत मुलांना इतिहास-भूगोल शिकविता शिकविता आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर वाचनाची जुनी आवड थोडी अधिक पुरवून घेता आली, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा आमच्या बोलण्यात काही उणे-अधिक आढळल्यास आपण ते पोटात घालावे, अशी प्रारंभीच विनंती आहे.

विषय मोठा आहे. प्राचीन काळच्या समाजांनी धर्म कशाला मानले, आणि माणसाने माणसाशी कसे वागावे याविषयी त्यांची धारणा काय होती, हा तो विषय. याची चर्चा पुष्कळदा राजांच्या आणि ऋषींच्या नावाने होते. आज आम्ही ती आपल्या घरातल्या वस्तूपासून, म्हणजे मातीच्या भांड्यापासून करणार आहोत. यात आपल्या जातीचा पोकळ अभिमान नाही. जमिनीखालचे गाव उकरणाऱ्या संशोधकांना राजाचा मुकुट क्वचितच सापडतो. खापर मात्र प्रत्येक थरात सापडते. लाकूड कुजते, लोखंड गंजते, कापड विरून जाते. भाजलेली माती तेवढी हजारो वर्षे टिकते. खापराचा रंग, घाट आणि नक्षी पाहूनच तो थर कोणत्या काळचा हे ठरविले जाते. आपल्या परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला गेली, आणि किल्लाही आज मुका उभा आहे. पण त्या काळी या गावात कोणी तरी चाकावर फिरविलेल्या घागरीचा तुकडा अजूनही शेतात नांगराला लागतो. तेव्हा प्राचीन समाजाची साक्ष काढावयाची तर मातीला बोलावल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम थोडे दूरचे पाहू. ईजिप्त देशातील प्राचीन लोक 'मात' नावाच्या देवतेस भजत. सत्य, न्याय आणि जगाची सुव्यवस्था या तिन्ही गोष्टी त्या एका नावात होत्या. मेल्यानंतर माणसाचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि मातेचे पीस दुसऱ्या पारड्यात घालतात, अशी त्यांची श्रद्धा होती. बेचाळीस न्यायदेवतांपुढे मृताने सांगावयाचे असे की, मी चोरी केली नाही, मापात लबाडी केली नाही, वाहते पाणी अडविले नाही. यात देवाला किती नैवेद्य दाखविला याहून शेजाऱ्याशी कसे वागलो याचा हिशेब मोठा आहे, हे लक्षात घ्यावे. याच लोकांचा ख्नूम नावाचा देव चाकावर माती ठेवून मनुष्याचा देह घडवितो, असे त्यांनी आपल्या मंदिरांच्या भिंतींवर कोरून ठेविले आहे. बाबिलोनच्या जुन्या कथेत देवीने मातीची चिमूट घेऊन वीर निर्माण केला. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत पहिला पुरुष मातीचा. आपल्याकडेही कुंभाराला प्रजापती म्हणतात. ज्या ज्या समाजाने पहिल्याने माणसाच्या उत्पत्तीचा विचार केला, त्याला आपल्या गल्लीतला कुंभार आठवला, असे म्हणावयास हरकत नाही. आणि एकदा सर्व माणसे एकाच मातीची असे म्हटले, की त्यातून एक नीतिविचार आपोआप निघतो. तो समाजाने पाळला की नाही, हा प्रश्न निराळा.

तो पुष्कळदा पाळला गेला नाही, हेही त्याच जुन्या जगातून दिसते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आपले कायदे एका काळ्या दगडावर कोरविले. तो दगड १९०१ मध्ये सूसा येथील उत्खननात सापडला आणि आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. बळिवंताने दुबळ्यास गांजू नये, पोरक्यास आणि विधवेस न्याय मिळावा, हा आपला हेतू असे राजाने त्यावर लिहविले. हेतू फार थोर. परंतु आत कलमे पाहावीत तर प्रतिष्ठिताचा डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा, सामान्याचा फोडल्यास चांदीचा दंड द्यावा, आणि गुलामाचा फोडल्यास त्याच्या किमतीचा निम्मा भाग भरावा, अशी वाटणी आहे. प्रस्तावनेत सर्व एका मातीचे, आणि कलमांत तीन प्रकारची भांडी! हा विरोध केवळ बाबिलोनचा नाही. तो आपल्याही घरात आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. तेरणेच्या काठचे तेर आपण सर्वांनी पाहिले आहे. गोरोबाकाकांच्या समाधीला आपण दर वर्षी जातो. परंतु गोरोबाकाकांच्या आधी हजाराहून अधिक वर्षे हे गाव 'तगर' या नावाने समुद्रापलीकडच्या लोकांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे नमूद आहे. तेथून जाडेभरडे आणि तलम कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जात असे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पदरमोड करून जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय आज गावातच आहे. ज्यांनी ते अद्याप पाहिले नसेल त्यांनी पुढच्या खेपेस अवश्य पाहावे. तिथल्या भाजक्या मातीच्या मूर्ती, दिवे, खेळणी आणि भांडी पाहिली म्हणजे त्या कारागिरांचा हात किती सधलेला होता हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? दोन साच्यांत दोन बाजू दाबून, जोड बेमालूम मिटवून केलेल्या पोकळ मूर्ती तिथे आहेत. केसांची ठेवण, कानांतली भूषणे, ओठांवरचे हसू हे सर्व मातीत उतरले आहे.

त्या नगराचा धर्म कोणता होता? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि हेच त्याचे मोठेपण. तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. ती मूळची बौद्धांच्या चैत्याची रचना, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे तेथे विष्णूचा त्रिविक्रम उभा राहिला. उत्तरेश्वराचे विटांचे शिवालयही त्याच गावात आहे. धाराशिवजवळची लेणी मूळची बौद्ध असावीत आणि नंतर जैनांकडे आली, असे पुष्कळ जण समजतात. त्यांत तीर्थंकरांच्या मूर्ती आजही आहेत. देव बदलले, पूजा बदलली. वीट मात्र तीच राहिली. ती वीट ज्याने थापली आणि भाजली, त्याला कोणी तुझा पंथ कोणता असे विचारले नसावे.

नाणेघाटात नागनिका राणीचा मोठा लेख आहे. त्यात तिने अश्वमेधादी वैदिक यज्ञांचे आणि ब्राह्मणांस दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांचे वर्णन केले आहे. त्याच सातवाहन घराण्यातील गौतमी बलश्रीने मात्र नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तेथे, बौद्ध भिक्षूंसाठी लेणे दिले. आपला मुलगा नागरिकांच्या सुखदुःखाशी समरस होणारा होता, धर्माने ठरलेलाच कर घेई, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, असे तिने त्या लेखात लिहविले. आईने पुत्राचे कोणते गुण जगाला सांगावेत, यावरून त्या समाजाची मूल्ये कळतात. पराक्रमाइतकेच कर-न्यायाला आणि दयेला तिने स्थान दिले.

परंतु याच नाशिकच्या डोंगरावर आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे असे दुसरे लेख आहेत. त्यांकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो.

क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात, जातीने शक, म्हणजे परदेशातून आलेल्या कुळातला. त्याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एक लेणे भिक्षुसंघास दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांचा अक्षय निधी ठेविला. तो निधी कोठे ठेविला? राजवाड्यात नव्हे, देवळात नव्हे, सावकाराकडेही नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविला. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची संघटना. दोन हजार कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वीस बारे दोनशे चाळीस! पैचीही चूक नाही. उरलेल्या हजाराचे नव्वद इतर किरकोळ खर्चासाठी. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, व्याजच खर्चावयाचे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आणि हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून तिथल्या दप्तरात नोंदविण्यात आला. आपल्या संस्थेच्या खजिनदारांनी आणि हिशेबतपासनिसांनी या गोष्टीची मुद्दाम नोंद घ्यावी. जाहीर हिशेब ही काल-परवा निघालेली चाल नाही.

दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. विष्णुदत्ता नावाच्या एका शक कुळातील उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी अक्षय निधी ठेविला. ज्या श्रेणींकडे तो ठेविला त्यांत 'कुलरिक' आहेत, पाण्याची यंत्रे चालविणारे आहेत, तिळाचे तेल काढणारे आहेत. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अभ्यासकांनी लाविला आहे.

बंधुभगिनींनो, क्षणभर थांबून या लेखाचा विचार करावा. पैसा देणारी एक स्त्री. तिचे नाव विष्णूचे, तिचा धर्म बुद्धाचा, तिचे कूळ परदेशी, राज्य आभीरांचे. आणि तो पैसा सांभाळणारे आमचे पूर्वज. औषध मिळणार कोणाला? चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंना, म्हणजे ज्यांची जात, गाव, भाषा कोणी विचारली नाही अशा आजारी माणसांना. कुंभारांच्या श्रेणीने हा विश्वास कमाविला होता. राजे जातील, घराणी बुडतील, पण या लोकांकडे ठेविलेला पैसा बुडणार नाही, अशी लोकांची खात्री होती. आमच्या मते त्या काळचा खरा धर्म यज्ञात वा लेण्यात जितका होता, तितकाच तो या खात्रीत होता. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. तेथे एका शकाने करंज आणि वड यांची झाडे लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न एका श्रेणीच्या हवाली केले. स्वतःच्या पोरांपलीकडच्या माणसांसाठी सावली लावणे हे त्या संघटनांचे काम होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. जुने ते सारे सोने असे सांगून आपली फसवणूक करण्याचे पाप आम्ही करणार नाही. ज्या गौतमी बलश्रीच्या लेखाची आम्ही स्तुती केली, त्याच लेखात आपल्या पुत्राने चार वर्णांचा संकर थांबविला, ही गोष्ट भूषण म्हणून सांगितली आहे. करात न्याय, शत्रूवर दया, आणि तरीही माणसांच्या मिसळण्यावर बंदी! हम्मुराबीच्या दगडासारखाच हा विरोध. आमच्या धर्मशास्त्रांत कारागिराचा हात कामात असता सदैव शुद्ध मानला आहे. मनुस्मृतीतही हे आहे. म्हणजे कुंभाराच्या ओल्या हाताने घडलेली घागर कोणाच्याही देवघरात चालावी. परंतु हात धुऊन तोच कुंभार पंगतीला आला की त्याची जागा ठरलेली! घटस्थापनेला घट आमचा, संक्रांतीला सुगडे आमची, लग्नात बोहल्याच्या कोपऱ्यावरची उतरंड आमची, आणि शेवटच्या प्रवासाला खांद्यावरचे मडकेही आमचेच. जन्मापासून सरणापर्यंत धर्म आमच्या मातीवाचून अडतो. बारा बलुतेदारांत आमचे नाव आहे, पण बलुते मागावयाला उभे राहावे लागे ते खळ्याच्या कडेला.

मात्र या तक्रारीवर थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. उरलेले अर्धे सांगताना आम्हांस संकोच होतो, तरीही ते सांगितले पाहिजे.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आम्ही त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होतो. आमच्या भागात एका ठिकाणी खडी फोडण्याचे दुष्काळी काम चालू होते. तेथे पाण्यासाठी दोन रांजण हवे होते, ते आमच्या वडिलांनी करून दिले. गाढवावर लादून ते नेऊन ठेविताना आम्हीही बरोबर होतो. एक रांजण लिंबाच्या सावलीत ठेविला गेला आणि दुसरा पन्नास पावलांवर, उन्हात. सावलीतला कोणाचा आणि उन्हातला कोणाचा, हे आपणांस सांगावयास नको. आम्ही वडिलांस विचारिले, "आण्णा, दोन्ही रांजण एकाच आव्यातलं न्हवं का?" वडील म्हणाले, "व्हय." थोडा वेळ गेल्यावर त्यांनी सावलीतल्या रांजणातून तांब्या भरून आमच्यापुढे केला आणि म्हणाले, "गप पानी पी."

आम्ही प्यालो. पाणी गार होते. आणि खरे सांगावयाचे तर आपली जागा सावलीतल्या रांजणापाशी आहे, याचे आम्हांस त्या दिवशी बरे वाटले. वरच्या पंगतीत आपणांस घेत नाहीत याचे दुःख ज्याच्या घरात बोलले जाई, त्याच घरातला मुलगा खालच्यांचा रांजण वेगळा आहे म्हणून सुखावला होता. अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ मध्येच झालेला होता. पुढे आम्ही शाळेत तीसेक वर्षे मुलांना समतेचे धडे शिकविले. पण तो तांब्या आम्ही विसरलो नाही. आमचे वडील वाईट नव्हते. त्यांच्या 'व्हय'मध्ये त्यांना सारे कळत होते हे आज आम्हांस उमगते. कळत असूनही त्या व्यवस्थेत ते एकटे काही करू शकत नव्हते. म्हणून तर समाजाची संघटना लागते. एकट्याला जे बोलण्याचे धैर्य होत नाही, ते दहा जणांनी मिळून बोलावयाचे असते.

याच प्रश्नावर प्राचीन काळच्या दोन कुंभारांच्या कथा आपल्या मुलांना ठाऊक असाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिला घटिकार. पाली भाषेतील मज्झिमनिकाय या ग्रंथात त्याची कथा आहे. गौतमाच्या पूर्वीचे काश्यप बुद्ध, त्यांच्या काळचा हा कुंभार. आईवडील आंधळे आणि वृद्ध. त्यांची सेवा तो करी. जमिनीतील जीव मरू नयेत म्हणून कुदळीने माती खणत नसे. नदीच्या ढासळलेल्या काठाची आणि उंदरांनी उकरलेली माती कावडीने आणी. भांडी तयार झाली की मांडून ठेवी आणि म्हणे, ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग, हरभरा यांतले इच्छेला येईल ते ठेवावे आणि हवे ते भांडे न्यावे. काशीच्या राजाने चातुर्मासासाठी बुद्धांना आमंत्रण दिले. ते त्यांनी नाकारिले, कारण घटिकाराचे त्यांनी आधीच स्वीकारिले होते. राजास वाईट वाटले, तेव्हा बुद्धांनी त्याला या कुंभाराचे गुण सांगितले. राजाने प्रसन्न होऊन तांदळाच्या पाचशे गाड्या घटिकाराकडे धाडल्या. घटिकाराने त्या परत पाठविल्या. राजाला पुष्कळ कामे असतात, पुष्कळ खर्च असतो. मला माझे पुरे आहे, एवढेच तो म्हणाला. त्याचा मित्र ज्योतिपाल हा ब्राह्मण तरुण. त्यालाही बुद्धांकडे ओढून नेणारा हा कुंभारच.

दुसरा सद्दालपुत्र. हा जैनांच्या उपासकदशा या ग्रंथातला. पोलासपूर नगराबाहेर याची भांड्यांची पाचशे दुकाने होती. मोठा श्रीमंत. तो आजीवक मताचा होता. सारे आधीच ठरलेले आहे, मनुष्याच्या प्रयत्नाने काही होत नाही, हे ते मत. एकदा तो वाळत घातलेली भांडी उन्हात मांडीत असता भगवान महावीरांनी त्याला विचारिले, ही भांडी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणाला, प्रयत्नावाचून. सारे ठरलेलेच असते. मग महावीर म्हणाले, उद्या एखाद्याने तुझी ही भांडी फोडली तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला, त्याला शिव्या देईन, बांधीन, मारीन. तेव्हा महावीरांनी त्याला दाखवून दिले की, सारे ठरलेले असेल तर फोडणाऱ्याचा दोष नाही. आणि त्याचा दोष धरीत असशील तर प्रयत्न आणि जबाबदारी या गोष्टी खऱ्या आहेत. सद्दालपुत्राला ते पटले.

या दोन कथांत आमच्या मते प्राचीन भारताच्या नीतीचे सार आले आहे. घटिकार सांगतो, व्यवहारात विश्वास ठेवा आणि गरजेपेक्षा अधिक घेऊ नका. सद्दालपुत्राची कथा सांगते, नशिबाच्या नावाने हात जोडून बसू नका. आपल्या समाजात पोर शाळेतून काढून वीटभट्टीवर नेताना 'त्याच्या नशिबात शिक्षण नव्हते' असे म्हणणारे आईबाप आम्ही फार पाहिले. भांडे फुटले तर आपण फोडणाऱ्याला धरतो. मुलाचे आयुष्य फुटले तर मात्र नशिबाला धरतो!

आणि शेवटी आपले गोरोबाकाका. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने त्यांना कच्चे कोण आणि पक्के कोण हे पाहावयास सांगितले, आणि त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थाप मारून पाहिली, ही आख्यायिका आपल्या घराघरात आहे. सारे शांत राहिले, नामदेव तेवढे रागावले. काकांनी सांगितले, हे मडके कच्चे आहे. नामदेवांसारखा थोर भक्त! पण एका कुंभाराचा निर्णय त्यांनी मानला आणि पुढे विसोबा खेचरांना गुरू केले. या कथेतील एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. काकांनी थाप मारताना शिंपी कोण, माळी कोण, सोनार कोण हे पाहिले नाही. मडके वाजवून पाहावयाचे असते. ते कोणाच्या घरी जाणार आहे हे विचारून पक्के ठरत नाही.

आता आजच्या कामाचे बोलतो आणि संपवितो. आपल्या संस्थेने शिक्षणनिधी उभारला आहे. त्याचा लाभ वर्गणीदार सभासदांच्या मुलांपुरताच ठेवावा, असा विचार गेल्या काही बैठकांत पुढे आला. त्यामागची अडचण आम्ही जाणतो. निधी लहान आहे आणि आपल्याच मुलांना पुरत नाही. जे वर्गणी देत नाहीत त्यांना का द्यावे, हा प्रश्नही गैर नाही. परंतु वर्गणी कोण देत नाही, हे आपण पाहावे. दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जाणारा देत नाही. पती निवर्तलेली भगिनी देत नाही. ज्याला द्यावयाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच हातात द्यावयाला काही नाही. त्यांना वगळून आपण निधी वाचवू, पण ज्यासाठी निधी उभा केला ते कारण गमावू.

म्हणून आमची तीन नम्र मागणी आहेत. पहिली, मुद्दल अक्षय राहावे. गोवर्धनच्या श्रेणीप्रमाणे केवळ व्याज खर्चावे, आणि त्याचा हिशेब दर वर्षी याच मेळाव्यात मोठ्याने वाचून दाखवावा. दुसरी, व्याजाचा पहिला हक्क भट्टीवरच्या मुलांचा आणि पोरक्या मुलांचा असावा, वर्गणी असो वा नसो; आणि त्यांत मुलींना मागे ठेवू नये. तिसरी मागणी आपणांस कदाचित रुचणार नाही. दर वर्षी निदान एका मुलाला वा मुलीला, ज्याची जात आपली नाही, पण ज्याचे शिक्षण पैशावाचून अडले आहे, त्याला या निधीतून पुस्तके मिळावीत. एकच मूल, त्याने निधी बुडणार नाही. आपल्या पूर्वजांकडे चारी दिशांच्या आजाऱ्यांचे औषध सोपविले होते. त्यांच्या वंशजांकडे एका परक्या मुलाची पुस्तके सोपविता येऊ नयेत काय?

सज्जनहो, १९७२ च्या त्या माळावर आमच्या वडिलांनी दोन रांजण ठेविले आणि आम्ही सावलीतले पाणी प्यालो. ते ऋण आमच्यावर आहे, आणि ते फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस माहीत नाही. त्या एका मुलाच्या पुस्तकांसाठी आमच्या निवृत्तिवेतनातून होईल तेवढा पहिला हप्ता आम्ही आज अध्यक्षांच्या हाती देत आहोत. रक्कम सांगण्याजोगी नाही, म्हणून सांगत नाही. दप्तरात मात्र तिची नोंद व्हावी.